माळ्यावरची पेटी : यारोस्लाव्हल नोंदी

२५ डिसेंबर, पुणे

कामाची व्याप्ती ठरवली. रशियातल्या यारोस्लाव्हल शहरात, आईबाबांच्या घरी, नववर्षाच्या झाडाच्या सजावटीची एक पेटी आणि दोन-तीन डबे माळ्यावर आहेत. त्यातल्या प्रत्येक वस्तूची नोंद, फोटो, गरजेपुरती डागडुजी, मग नवीन वेष्टन. यादीचे रकाने : क्रमांक, वस्तू, साहित्य, अंदाजे काळ, कुणी आणली, अवस्था, शेरा. पोटापाण्यासाठी संग्रहालयातल्या वस्तूंवर हेच करत असते, त्यामुळे तक्ता तयार होता.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सुट्टीला घरी येतेयस की तपासणीला?"

सामान : आम्लरहित टिश्यू, पातळ जपानी कागद, मऊ ब्रश, सुती नाडी, मोजपट्टी, आर्द्रतामापक. बाबांसाठी कोकम, मालवणी मसाला आणि खाजं. पैसे रोख. बाहेरच्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत, आणि ऐन सुट्टीत बाबांकडे पैसे मागायला नकोत.

२८ डिसेंबर, यारोस्लाव्हल

मॉस्कोहून यारोस्लाव्हल साधारण २८० किलोमीटर. यारोस्लाव्स्की स्थानकातून गाडी, डबा भरलेला, प्रत्येकाच्या मांडीवर पिशव्या. बर्फाची स्वप्नं बघत आले होते. पारा शून्याच्या आसपास आणि रस्त्यावर करड्या रंगाचा चिखल. बाबा घ्यायला आले होते. पिशवी हातातून काढून घेत म्हणाले, "काय गो, एवढा जड काय हाडलंस?" टिश्यू कागद आहे म्हटल्यावर गप्प झाले.

घर म्हणजे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या काळातली पाच मजली इमारत. त्याहून उंच बांधली की लिफ्ट लावावी लागायची, म्हणून पाचच. आपण चौथ्यावर. बाबूश्का, म्हणजे आईची आई, इथे १९६४ पासून राहते. स्वयंपाकघर इतकं लहान की दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीने ओट्याशी जायचं म्हटलं तर एकीला बाहेर यावं लागतं. उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं नाही, उंबऱ्यावरून वस्तू द्यायची-घ्यायची नाही. सावंतवाडीच्या आजीचंही उंबऱ्याशी असंच काहीसं होतं, त्यामुळे लहानपणी मला हा जागतिक कायदा वाटायचा.

कामासाठी जागा पाहिली. घरात मोठं टेबल एकच, ते ३१ तारखेपासून जेवणाला लागणार. बाबूश्काच्या खोलीतलं शिवणयंत्राचं टेबल मिळालं, तेही तिने पलंगावरून सगळं बघायचं या अटीवर.

आर्द्रतामापक माळ्यावर ठेवला : २१ टक्के. माळा म्हणजे छताखालची, दारं असलेली फळी. तिच्या शेजारूनच मध्यवर्ती उष्णतेचा उभा पाइप जातो, जो ऑक्टोबर ते एप्रिल तापलेला असतो आणि घरातल्या कुणाला बंद करता येत नाही. खोलीत गरम झालं की खिडकीचं वरचं छोटं तावदान उघडायचं, एवढाच उपाय. काच याने मरत नाही. कापूस, पुठ्ठा आणि लाकूड मरतं.

२९ डिसेंबर

पेटी उतरवली. प्लायवुडची, पार्सलची जुनी सोव्हिएत पेटी. झाकणावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेला पत्ता निम्मा पुसलेला. सोबत बुटांचं एक खोकं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि सत्तरच्या दशकातला कारखान्याचा तयार संच, ज्याच्या खोक्यावर किंमत छापलेली आहे. किंमत सरकारने ठरवलेली, तेव्हा ती छापायला कुणाला संकोच नव्हता.

प्रत्येक वस्तू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली. बहुतेक तुकडे इथल्याच 'सेव्हेर्नी राबोची'चे, आणि बऱ्याच तुकड्यांवर तारीख शाबूत. मी वस्तू सोडवून तुकडे डावीकडे क्रमाने लावत होते, आई मागून येऊन ते कचऱ्याच्या पिशवीत भरत होती. चहाला उठले तेवढ्यात १९५३ पासून १९८० पर्यंतची गठ्ठी दाराबाहेर जायच्या बेतात होती. "तुला जुनी रद्दी हवी असेल तर बाल्कनीत चिक्कार आहे," आई. वस्तू त्या तारखेनंतरच गुंडाळली गेली असणार, त्यामुळे घराचा इतिहास आपोआप लिहिला गेलाय, हे तिला समजावलं. पिशवी परत मिळाली. सोबत बटाट्याच्या सालीही मिळाल्या.

पेटीत १९३६ च्या आधीचं काही असणं कठीण, हे आधीच लिहून ठेवते. क्रांतीनंतर सजवलेलं झाड पाद्र्यांची प्रथा ठरलं, १९२० च्या दशकाच्या अखेरीस तर त्याविरुद्ध मोहीमच निघाली. मग २८ डिसेंबर १९३५ ला पक्षाच्या 'प्रावदा' वर्तमानपत्रात पावेल पोस्तिशेव्ह या कम्युनिस्ट नेत्याचं एक छोटं पत्र आलं : मुलांना झाडाचा आनंद का नाकारायचा? चारच दिवसांत झाडं बाजारात. ताऱ्याला बेथलेहेमची आठवण नको म्हणून शेंड्यावर क्रेमलिनसारखा लाल तारा, आणि सण नाताळाचा न राहता नववर्षाचा. खुद्द पोस्तिशेव्हला १९३९ मध्ये गोळी घातली गेली. आमच्या घरात त्याचं नाव कुणाला माहीत नाही, झाड मात्र कोपऱ्यात दरवर्षी उभं असतं.

३० डिसेंबर

नोंद ४ : हवाई जहाज (विमान नव्हे, वायूने फुगवलेलं लांबट एअरशिप). ठसे उठवलेल्या पुठ्ठ्याचे दोन अर्धे भाग एकत्र चिकटवलेले, रुपेरी रंग, बाजूला 'एसएसएसआर', म्हणजे सोव्हिएत संघाची रशियन आद्याक्षरं. लांबी ११ सेंमी. शिवणीपाशी उकललंय.

'कुणी आणली' या रकान्याने सकाळ खाल्ली. बाबूश्का : माझ्या वडिलांनी, १९३६ ला. आई : शेजारच्या मावशींनी दिलं, युद्धानंतर, तूच सांगितलं होतंस. बाबूश्का : मावशींनी दिला तो मासा. मासा वेगळा (नोंद ९, तोही पुठ्ठ्याचा, शेपटी उंदराने खाल्लेली).

काळ ठरवायला बाहेरचा पुरावा असा : हवाई जहाजं तेव्हा सोव्हिएत मुलांची लाडकी होती. 'बी-६' हे जहाज १९३७ च्या शरदात १३० तासांवर हवेत राहिलं, तो विक्रम होता. तेच जहाज फेब्रुवारी १९३८ मध्ये, हिमखंडावर अडकलेल्या ध्रुवीय संशोधक पापानिनच्या तुकडीला सोडवायला निघालं असताना कांदालाक्षाजवळ डोंगरावर आदळलं. १९ पैकी १३ माणसं गेली. त्यानंतर हवाई जहाजाची हौस ओसरली. मी रकान्यात '१९३६–४०' लिहिलं. बाबूश्काचा जन्म जानेवारी १९३८ चा. तिने पलंगावरून विचारलं, "मी जन्मले तेव्हा ते झाडावर होतं. तू कुठे होतीस?"

दुपारी बाबांबरोबर झाड आणायला. मैदानात लाकडी कुंपण घालून विक्री, झाडं दोरीने आवळून उभी केलेली. बाबा प्रत्येक झाड जमिनीवर आपटून बघतात. सुया गळल्या तर पुढचं. विक्रेता त्यांना ओळखतो. "आला तुमचा भारतीय परीक्षक," असं शेजारच्याला म्हणाला. स्प्रूस घेतलं, दीड मीटर. घरी लाकडी फुलीच्या पायात बसवलं. सुयांचा वास जिन्यापासून येतोय.

३१ डिसेंबर

काम होणार नाही हे गृहीत होतं. तरी आईशी तह केला : ज्याचा फोटो झाला तेच झाडावर. सकाळी आठच्या आधी, अंधारातच, तिने तह मोडला. घड्याळ (नोंद २२, काच, काटे बाराला पाच कमी, पन्नासच्या दशकातली फार लोकप्रिय खेळणी) मी उठायच्या आत वरच्या फांदीवर. ते उतरवून, फोटो काढून, पुन्हा तिथेच लावलं. आई म्हणाली, "त्याची जागा तीच आहे, रकाना कर हवं तर." केला. 'झाडावरची जागा' हा रकाना माझ्या व्यावसायिक तक्त्यात नव्हता, आणि असायला हवा होता.

दिव्यांची माळ बंद. बाबांचं खातं. जुनी माळ, सगळे दिवे एकामागोमाग एकाच मालिकेत, २२० व्होल्ट आपसात वाटून घेणारे. एक गेला की सगळे गेले. बाबा मल्टिमीटर घेऊन जमिनीवर बसले, एकेक दिवा तपासत. मी म्हटलं, गेलेला काढून तारा थेट जोडूया. म्हणाले, मग उरलेल्यांच्या वाट्याला दाब जास्त येतो, महिनाभरात दुसरा जातो, त्याला काढलं की तिसरा. "असोच संसार जळता," आणि हसले. दुसऱ्या एका मेलेल्या माळेतले दिवे त्यांनी औषधाच्या बाटलीत जपून ठेवलेत. त्यातला एक बसवला. लागली. मी नवी एलईडी माळ घेऊन देते म्हटलं, तर बाबूश्का आणि बाबा दोघांनी एकाच वेळी नाही म्हटलं. एरवी त्या दोघांचं कशावर एकमत होत नाही.

स्वयंपाक. ऑलिव्हिए सॅलड : उकडलेले बटाटे, गाजर, अंडी, खारवलेली काकडी, डब्यातले वाटाणे, 'डॉक्टर' सॉसेज, मेयोनेज. सगळं वाटाण्याच्या आकारात कापायचं. बाबूश्का पलंगावरून तुकडे मागवून तपासते. खारवलेल्या हेरिंग माशावर बीट, बटाटा, गाजराचे थर घालून 'फरकोट'. मांसाच्या अर्काचं गोठवलेलं खलादेत्स रात्रीच बाल्कनीत ठेवलेलं. पारा शून्याच्या वर गेल्याने ते नीट घट्ट झालं नाही, आणि दिवसभर घरात हवामानावर टीका चालू होती. बाबांची सोलकढी या टेबलावर १९८७ पासून आहे. पाहुण्यांना ती गुलाबी रंगामुळे बिटाची वाटते.

दुपारी तीनला कामचात्कात नवं वर्ष लागलं, टीव्हीने सांगितलं. साडेनऊला सावंतवाडीत लागलं. काकांचा व्हिडिओ कॉल, मागे फटाके आणि कुत्रं. बाराला पाच कमी असताना राष्ट्राध्यक्षांचं भाषण, मग क्रेमलिनच्या स्पास्काया बुरुजावरच्या घड्याळाचे ठोके, शॅम्पेन. यादीत आज एकच भर.

१ जानेवारी

घर दुपारपर्यंत झोपलेलं. कामाला सर्वोत्तम दिवस. उजेड नऊच्या सुमारास येतो आणि पावणेचारला जातो, तेवढ्या वेळात खिडकीशी पांढरा चादरीचा पडदा लावून काचेच्या सगळ्या वस्तूंचे फोटो काढले. चकाकणारा गोळा टिपताना त्यात छायाचित्रकार दिसतोच; मी चादरीत भोक पाडून लेन्स आत घातली. बऱ्याच फोटोंत तरीही मी आहे, बारीकशी, केस विस्कटलेली.

काचेला पाणी लावायचं नाही हे आईला पुन्हा सांगितलं. या गोळ्यांच्या आतून चांदीचा मुलामा आणि बाहेरून पातळ रंग असतो, ओल्या फडक्याने पुसला की रंग फडक्यावर येतो. कोरडा मऊ ब्रश, वरून खाली. आईने विचारलं, "मग एवढी वर्षं मी काय करत होते?" गोळे बघून दिसतंच काय करत होती, पण बोलले नाही.

बाबूश्का दुपारी उठून म्हणाली की तिची आई एक जानेवारीला गिरणीत कामाला जायची. बरोबर आहे. हा दिवस पुन्हा सुट्टीचा झाला तो १९४७ च्या डिसेंबरातल्या हुकुमानंतर. शेऱ्यात टाकलं, कुठल्या वस्तूच्या ते ठरवता येईना, म्हणून हवाई जहाजाच्या.

३ जानेवारी

नोंद १२ : स्नेगुरोच्का, म्हणजे हिमकन्या. कापसाची. उंची १४ सेंमी. डावा हात खांद्यापासून सुटलेला, तार उघडी.

ही कापसाची खेळणी बनवायची पद्धत साधी : तारेचा सांगाडा, त्यावर कापसाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून खळ, रंग, आणि ओलं असतानाच अभ्रकाची पूड. चेहरा वेगळा, कागदी लगद्याचा किंवा मातीचा, वरून चिकटवलेला. काच महाग होती आणि ती फुंकायला कारागीर लागायचे; कापूस घरबसल्या काम करणाऱ्यांना देता यायचा.

डागडुजीला मूळ साहित्याच्या जवळचंच काहीतरी हवं. मी पुण्याहून गव्हाच्या स्टार्चची पुडी आणली होती. आईने बटाट्याचा स्टार्च काढला. तो इथे प्रत्येक घरात असतो, फळांचं किसेल घट्ट करायला. तिने दोन चमचे थंड पाण्यात कालवले, उकळत्या पाण्याची धार सोडत ढवळलं, आणि डोळ्यांदेखत पांढरं पाणी काचेसारखं पारदर्शक झालं. हात इतका सराईत की मी विचारलं. याच खळीने ती दर हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या लावायची, प्लास्टिकच्या खिडक्या येईपर्यंत. भिंतीचे कागदही याच खळीने. माझी पुडी बॅगेतच राहिली.

गंज मऊ ब्रशने झाडला, तार सरळ केली नाही (मोडेल), तिच्याभोवती जपानी कागदाची पट्टी खळीत भिजवून तीन वेढे, वर नव्या कापसाचा एकच पातळ थर. अभ्रक टाकलं नाही. नवा भाग जवळून ओळखू यावा, लांबून खुपू नये. आईला पटलं नाही : "हात लावलास तर चांगला तरी लाव." बाबूश्काने चष्मा लावून हिमकन्या उलटसुलट पाहिली आणि म्हणाली हात पूर्वी वर होता, आता खाली आहे. मोडण्याआधीचा फोटो कुणाकडे आहे? बाबांकडे होता. त्यांच्या 'स्मेना' कॅमेऱ्याने काढलेला १९८९ चा, मी झाडाखाली, वर्षाची, तोंडात मँडरिनची फोड. मागे हिमकन्या. हात वर.

खळ पूर्ण वाळली नव्हती. हात वर केला.

५ जानेवारी

चिमट्याची खेळणी : पन्नासच्या दशकापासून काचेच्या आकृत्यांना खाली पत्र्याचा चिमटा यायला लागला, फांदीवर उभ्या करायला. आमच्याकडे मक्याचं कणीस (ख्रुश्चेव्हच्या मक्याच्या ध्यासाचा काळ), चहाची किटली, घुबड, आणि नोंद ३१, अंतराळवीर. लाल पोशाख, चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक रेष. चिमट्याची स्प्रिंग गंजलेली. तेल देणार नाही, रंगावर पसरेल. गंज खरवडून थांबले.

अंतराळवीराचा विषय या शहरात निघाला की आवरत नाही. अंतराळात गेलेली पहिली स्त्री, वालेंतिना तेरेश्कोवा, इथलीच. आधी टायर कारखान्यात, मग 'क्रास्नी पेरेकॉप' कापड गिरणीत कामाला होती, इथल्याच एरोक्लबात पॅराशूटच्या उड्या शिकली, आणि १६ जून १९६३ ला 'वोस्तोक-६' मधून गेली. बाबूश्काही त्याच गिरणीत. यारोस्लाव्हलमध्ये त्या पिढीची प्रत्येक बाई तेरेश्कोवाच्या शेजारच्या यंत्रावर होती. तेवढी यंत्रं एका रांगेत बसवायची तर रांग मॉस्कोपर्यंत जाईल. बाबूश्का मात्र म्हणते, मी तिला कधी पाहिलं नाही, आमची पाळी वेगळी होती. म्हणूनच तिचं हवाई जहाजाबद्दलचं म्हणणंही मी सहज झटकू शकत नाही.

हा अंतराळवीर तिला गिरणीतल्या नववर्षाच्या समारंभात मिळाला, १९६३ चं वर्ष संपताना. यावर आईचाही आक्षेप नाही. एकमताची ही पहिली नोंद.

बाबांनी इथे शिकलेल्या रबराबद्दल थोडं सांगितलं. रसायनशास्त्रज्ञ लेबेदेव्हच्या पद्धतीने कृत्रिम रबर बनवणारा कारखाना १९३२ साली याच शहरात सुरू झाला, त्यामुळेच इथल्या पॉलिटेक्निकात रबर शिकायला ते १९८३ मध्ये आले. यादीशी संबंध नाही. खलादेत्स अखेर घट्ट झालंय.

७ जानेवारी

ऑर्थोडॉक्स नाताळ. चर्च अजून ज्युलियन पंचांग पाळतं, तेरा दिवस मागे. शासकीय सुट्टी १९९१ पासून. काल रात्री बाबूश्काने पहिला तारा दिसेपर्यंत काही खाल्लं नाही. ढगात तारा दिसणार कुठून, तेव्हा आईने सहा वाजता खिडकीतून बघून "दिसला" असं जाहीर केलं. गहू, मध आणि खसखशीची खीर. बाबांनी दोनदा घेतली, त्यांना ती देवळातल्या प्रसादासारखी लागते. काम बंद.

९ जानेवारी

नोंद ४० ते ४७ : लाकडी फळं. आंबा, सीताफळ, केळं, काजूचं बोंड, मिरची, वगैरे. सावंतवाडी, चितार आळी. १९८७ साली लग्नानंतर बाबा आईला पहिल्यांदा घरी घेऊन गेले तेव्हा आजीने टोपलीभर दिली. आईने इथे येऊन प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा बांधला आणि झाडावर टांगली. तेव्हापासून ती झाडावरच. पाहुण्यांची मुलं काजूचं बोंड हमखास ओळखत नाहीत. एकाने त्याला मुष्टियुद्धाचा हातमोजा म्हटलं होतं.

अवस्था : वाईट. कोकणच्या दमट हवेत घडवलेलं लाकूड, आणि इथे हिवाळाभर २१ टक्के. लाकूड आडव्या अंगाने आकसलं, वरचा रंग आकसत नाही, तो सुटून पापुद्रे निघाले. आंब्याला देठापासून टोकापर्यंत चीर. पापुद्रे जागच्या जागी बसवायला पातळ सरस, खाली टिश्यू, वर वाळूची छोटी पिशवी. वाळू नव्हती, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) दाण्यांची पुरचुंडी केली. एका फळाला अर्धा दिवस.

फळांची वेष्टनं लावताना एक गोष्ट दिसली. ही फळं दर वर्षी नव्या कागदात बांधली जायची, वर्षागणिक तारखा आहेत. जानेवारी १९९८ चा तुकडा आहे. जानेवारी २००० चा आहे. १९९९ चा नाही. कागद हरवू शकतो, तेव्हा हा पुरावा नव्हे, पण विचारलं.

ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल कोसळला. सहा रूबलचा डॉलर वर्ष संपता संपता वीसच्या पार गेला. पगार आधीच महिनोन्‌महिने थकायचे, कुठे कुठे पगाराऐवजी माल मिळायचा; नोंद ३६, निळा शंकू, बाबांनी १९९६ ला एका फलाटावर अशाच एका कामगाराकडून घेतलेला. त्या सप्टेंबरात मला सावंतवाडीला आजीकडे पाठवलं. दहा वर्षांची होते. ठरलं होतं एका शाळेच्या वर्षासाठी, पण मी दहावी तिथेच केली.

आई बीट सोलत होती. वर न बघता म्हणाली, "त्या वर्षी झाड लावलं नाही."

पलंगावरून बाबूश्का : "लावलं होतं. छोटं, टेबलावर. मी आणि जावयाने. तू खोलीतून बाहेर आली नाहीस."

आईने बीट सोलणं चालू ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "फळं लावली होती का?"

"फळंच लावली होती. बाकी काही काढलं नाही."

बाबांना नंतर बाल्कनीत विचारलं. म्हणाले, रवांदे गो. मग स्वतःच म्हणाले, केळं त्यांनी हातात धरून ठेवलं होतं, कुठे लावायचं सुचेना.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : '१९९९ : झाड लावलं नाही (आई). लावलं, फक्त नोंद ४०–४७ (बाबूश्का, बाबा).' संग्रहालयात असं लिहिलं असतं तर वरिष्ठांनी एक निवडायला सांगितलं असतं.

१२ जानेवारी

वेष्टनावरून वाद. माझं म्हणणं : छापील वर्तमानपत्र आम्लधर्मी असतं, पिवळं पडतं, शाई उतरते, सगळं आम्लरहित टिश्यूत. आईचं म्हणणं : पांढऱ्या कागदावर तारीख नसते, मग पुढच्या माणसाला कळणार कसं कधी बांधलं? हा माझाच मुद्दा होता, २९ तारखेचा, आणि तो तिने माझ्याहून नीट वापरला. तोडगा : आतून टिश्यू, बाहेरून या आठवड्याचं वर्तमानपत्र. जुने तुकडे सपाट करून वेगळ्या पाकिटात, वस्तूचा क्रमांक पेन्सिलीने.

जागा : माळा रद्द. पाइपापासून लांब, बाबूश्काच्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी. लाकडी फळांच्या डब्यात आर्द्रता थोडी धरून ठेवायला बंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा. बाबांनी तो बाजारातून आणला, मेयोनेजचा, पाच लिटरचा, धुऊन वाळवून. वास जाईपर्यंत दोन दिवस बाल्कनीत.

१४ जानेवारी

जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. त्याआधी झाड उतरवू द्यायचं नाही हा आईचा नियम. सुया आता हात लावताच गळतात, झाडाखाली हिरवा गालिचा. वस्तू उतरवल्या, यादीशी ताडून बांधल्या. पत्र्याच्या डब्यात तळाशी एक घंटी सापडली जिची नोंदच झाली नव्हती, आणि तिच्याबद्दल घरात कुणालाच काही आठवत नाही. 'कुणी आणली' रिकामं.

यादी मराठीत आहे. आई वाचणार कशी? बाबा दोन संध्याकाळी बसून रशियन करत होते, मी टंकत होते. मालवणीमिश्रित मराठीतून रशियनमध्ये त्यांनी 'अवस्था : वाईट'चं 'चालेल' केलंय बऱ्याच ठिकाणी. मी तसंच ठेवलं. दुपारी खालच्या दुकानात छापून आणली, दोन प्रती.

बाबूश्काने तिची प्रत पेन घेऊन वाचली. दुरुस्त्या : मासा मावशींचाच, पण मावशींचं नाव चुकलंय. हिमकन्येचा हात आता ठीक. अंतराळवीर समारंभात मिळाला खरा, पण सोबत संत्री पण होती, ते लिहा. हवाई जहाजापुढचं '–४०' खोडून फक्त '१९३६' ठेवलंय, शेजारी सही आणि तारीख. उरलेलं काम : या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये घेणे; आंब्याची चीर पुढच्या वेळी; बाबांना दिव्यांच्या माळेसाठी जुने सुटे दिवे कुठे मिळतात ते शोधून कळवणे.